पेल्टिअर लॉग: कमान एकदाची मिटली

मंडळी, कमान मिटली! मी घरी टीईसी१-१२७०६ हे पेल्टिअर मॉड्यूल (करंट दिला की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते ते) मोजतोय. मागच्या अपडेटमधला त्याचा नायक्विस्ट आलेख, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला मोजलेल्या इम्पिडन्सची कमानीसारखी रेघ, आठवत असेल. डावं टोक सुरेख, आणि १० मिलिहर्ट्झच्या खाली गेलं की उजवं टोक झोकांड्या खातंय. वरच्या फ्रिक्वेन्सीचे २.०४ ओम रोज जिथल्या तिथे. पण झेडटी (मॉड्यूल उष्णता-विजेची अदलाबदल किती चांगली करतं ते सांगणारा आकडा: खालच्या फ्रिक्वेन्सीचे ओम भागिले वरचे, वजा एक) काढायचा तर खालच्या फ्रिक्वेन्सीचं टोक अक्षाला नक्की कुठे टेकतं ते हवं. हार्मनने १९५८ साली डीसीवर मांडलेलीच ही कल्पना, आपण ती फ्रिक्वेन्सीवर पसरवून बघतो इतकंच. आणि ते टोक एका रात्री झेडटी ०.६१ देणार, दुसऱ्या रात्री ०.७५. कधीकधी तर अक्ष ओलांडून पलीकडे.

पहिला संशय अर्थातच करंट सोर्सवर. मग व्होल्टेज मोजणाऱ्या एडीएस१२५६ चिपवर. मॉड्यूल काढून तिथे २ ओमचा वायरवाउंड रेझिस्टर लावला, तर खाली १ मिलिहर्ट्झपर्यंत एकाच जागी ठिपका. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स निर्दोष. केल्व्हिन वायरी (करंटची आणि व्होल्टेजची वेगळी जोडी) नव्याने सोल्डर केल्या, काही फरक नाही.

शेवटी करंट शून्य केला आणि मॉड्यूलचा नुसता व्होल्टेज रात्रभर लॉग केला. आत अर्धवाहकांच्या १२७ जोड्या, म्हणजे एका केल्व्हिनच्या (एक अंश सेल्सिअस) फरकाला साधारण ५० मिलिव्होल्ट. मॉड्यूलच्या दोन बाजूंच्या तबकड्यांमधला तापमानाचा फरक मोजायला याहून नाजूक थर्मामीटर घरात दुसरा नाही. सकाळी बघतो तर करवतीचे दाते! उंची सहा मिलिव्होल्ट, दर पाच-सहा मिनिटांनी एक. लॅपटॉपवर लाइव्ह आलेख लावून समोर बसलो. खिडकीवरच्या एसीचा कॉम्प्रेसर टक् करून सुरू झाला, की रेघ खाली. बंद झाला, की वर. सहा मिनिटांचं चक्र म्हणजे जवळपास ३ मिलिहर्ट्झ, बरोबर आपल्या कमानीच्या शेपटावर. माझा सिग्नल २० मिलिअँपिअरचा, त्यातला पेल्टिअरचा (तापमानाच्या फरकातून येणारा) वाटा जेमतेम २८ मिलिव्होल्ट. त्यात सहाचा घोळ म्हटल्यावर टोक नाचणारच.

मुंबईत मे महिन्यात एसी बंद ठेवून झोपा, असं घरच्यांना सांगायची माझी हिंमत नाही. म्हणून मॉड्यूल स्टीलच्या पिठाच्या डब्यात उभं टांगलं, दोन्ही तबकड्यांना सारखी भिंत दिसेल असं, आणि डबा थर्मोकोलच्या खोक्यात ठेवला. दाते शंभर मायक्रोव्होल्टच्या आत आले. खालचं टोक ३.४३ ओमवर. झेडटी ०.६८, आणि दुसऱ्या रात्रीही ०.६८! असा आनंद फार दिवसांनी झाला.

मॉड्यूलबद्दल एक सल्ला: थोडे पैसे जास्त गेले तरी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन स्वतः मोजून घ्या. एका ऑनलाइन दुकानाने मला छाप पुसून नवा मारलेला माल पाठवला. नखाने खरवडलं तर खाली दुसराच आकडा.

पुढचा बेत व्हॅक्यूमचा होता, म्हणजे तबकड्यांची उष्णता हवेने पळवायला नको. एसी दुरुस्तीवाल्यांचा टू-स्टेज पंप भाड्याने मिळतोय. पण हे लिहिता लिहिता गणित मांडलं. मॉड्यूलची उष्णतावहनक्षमता साधारण अर्धा वॅट दर केल्व्हिन, आणि ४० मिलिमीटरच्या तबकडीवरून हवा नेते त्याचा परिणाम जेमतेम दीड-दोन टक्के. ‘व्हॅक्यूम नाही तर मोजमाप नाही’ हे जे आपल्यात सर्रास ऐकू येतं, ते अख्ख्या मॉड्यूलपुरतं मला पटत नाही. सुटा पेलेट (मॉड्यूलमधला अर्धवाहकाचा एकच ठोकळा) मोजायचा असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही मला आधी तांब्याच्या वायरींची धास्ती. त्या उष्णता पळवतात, म्हणून उष्णता कमी वाहणारी बारीक कॉन्स्टंटन (तांबे-निकेल मिश्रधातूची) वायर घ्यायची.

तेव्हा पंप रद्द. त्याऐवजी डब्यात शेजारी एक जुळं मॉड्यूल टांगतो, त्यात करंट सोडायचा नाही. त्याचा व्होल्टेज वजा केला की उरलासुरला ड्रिफ्टही जाईल, आणि १ मिलिहर्ट्झला दर सायकलमागे जी सतरा मिनिटं जातात त्यांचं चीज होईल. जुळं मात्र खरंच जुळं हवं, ओमिक रेझिस्टन्स दोन टक्क्यांच्या आत. कुणाकडे २.०४ च्या आसपासचं पडून असेल तर सांगा, ग्रँट रोडला येऊन घेऊन जातो.