तारेवर न चढलेलं पत्र

रात्रीचे साडेअकरा. झोप नाही.

कौलं उतरवायची म्हणून माळ्यावरची ट्रंक खाली आणली. तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक निळं इनलँड निघालं. आबांचं अक्षर. शिक्क्यातलं 'ऑगस्ट 82' तेवढं लागतं. मागे लालबाग, मुंबई-12.

पत्र फोडलेलंच नव्हतं.

आमच्याकडे आलेलं प्रत्येक पत्र ओटीवरच्या तारेत ओवलं जायचं, पोटात भोक पडून. तो गठ्ठा अजून तसाच आहे. ह्याला भोक नाही. आईला अक्षरओळख नव्हती, दादा मामाकडे शिकायला. म्हणजे घरात वाचणारा मी एकटा, चौथीतला. आणि तिनं हे माझ्यापासून लपवलं. दुपारपासून एवढंच डोक्यात घोळतंय. एवढा परका होतो का मी तिला?

आधी वाटलं, संपामुळे असेल. 18 जानेवारी 1982 ला गिरण्या बंद झाल्या आणि मनीऑर्डरी आटल्या. तोवर मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी यायच्या, खुशाल आहे, लावणीला गडी सांग, वगैरे. नंतर नुसती इनलँडं. पोस्टमन पडवीत बसून नोटा मोजायचा, तो आता कागद टाकून चालता व्हायचा. अडीच लाख माणसं घरी बसलेली, कुणाच्या पत्रात काय असणार? वाईट बातमी पोराच्या तोंडून नको, असं तिला वाटलं असेल. ह्या विचारानं जरा बरं वाटलं. पण मग तिनं पोस्टमनकडून का नाही वाचून घेतलं? पैशाचं चारचौघांत नको म्हणून? मग काकीकडचा पोरगा होता की.

संध्याकाळी काकीकडे गेलो. पत्र दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "तुझ्या वाचण्याला कोण भुलतंय रे!"

आलं ध्यानात. आता इथे लिहायला हरकत नाही. मी वाचताना पदरच्या ओळी घालायचो. 'धाकट्याला भोवरा घेऊन देणे.' 'धाकट्याला रोज गाईमागे धाडू नये.' एकदा तर 'त्यास मारू नये' असंही आबांच्या नावावर खपवलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत दादा आला, तारेवरची पत्रं काढून त्यानं पहिल्यापासून वाचली आणि माझं बिंग फुटलं. म्हणजे ऑगस्टचं पत्र दादासाठी राखून ठेवलेलं. दिवाळीला दादाच्या आधी आबाच आले, वळकटी घेऊन. संप रीतसर कधी मिटलाच नाही, तेही परत साच्यावर गेले नाहीत. माणूसच घरात आल्यावर पत्र कोण फोडतंय?

इतकं सरळ असेल? ट्रंकेच्या तळाशी, कागदाखाली मात्र कशाला ठेवलं असेल...

डिंक सर्दावून मेला होता, नख लावताच घडी सुटली. गणपतीला येणं होत नाही. खानावळीचे दोन महिने थकलेत. काही झालं तरी गाय विकू नये. (गाय कधी गेली ते मला आठवतंय. जाऊ दे.) आणि कडेच्या घडीवर, जागा संपल्यामुळे उभ्या ओळीत: 'धाकट्याच्या पायाचे माप दोऱ्याने घेऊन पाकिटातून धाडणे. खोलीवरचा एकजण चपला स्वस्तात करून देतो.'

सातवीपर्यंत मी शाळेत अनवाणी गेलो. आबांवर त्या एका गोष्टीचा किती राग...

मघाशी दादाला फोन लावला. अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं, एक काना इकडचा तिकडे न करता. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाकी ठीक आहे. चपलांचं तू घातलंस ना?"