पुणे ते गुहागर, विहिरीच्या पंपाच्या पॉइंटवर

पेट्रोलनं 2021 साली शंभरी ओलांडली, तेव्हापासून आमच्या घरात कोकणात जायचं ठरलं की आधी वाद होतो तो गाडी कुणाची न्यायची याचा. या वेळी दोन गाड्या निघाल्या. आमची इलेक्ट्रिक, 40.5 किलोवॅट-तास (म्हणजे तेवढ्या युनिटच्या) बॅटरीची, आणि मेहुण्यांची सीएनजी. वाट नेहमीची: सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. साधारण 285 किलोमीटर.

पहाटे साडेपाचला शंभर टक्क्यांवर निघालो. कागदावरची रेंज चारशेच्या वर असली तरी हायवेला ती विसरायची. एसी लावून, चार माणसं आणि खाऊच्या पिशव्या घेऊन आम्हाला युनिटला सात किलोमीटर मिळतात. खंबाटकीचा चढ धरून सातारा येईपर्यंत 58 टक्के उरले. तिथं ॲपवर दोन चार्जर ‘उपलब्ध’ दिसत होते. प्रत्यक्षात एकाचा पडदा काळाठिक्कर, दुसऱ्यावर आधीच एक गाडी, आणि तिचा मालक मिसळ खायला गेलेला. म्हणून पहिला सल्ला: निघण्याआधी चार्जरवर फोन करा, ॲपवर विसंबू नका. दोन-तीन ॲपच्या वॉलेटमध्ये पैसे आधीच भरून ठेवा. तो मालक परतल्यावर आमचा नंबर लागला. ऐंशी टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंदावतं, तेव्हा 85 वर मी गन (चार्जरच्या केबलचा प्लग) काढली आणि मागच्याला जागा दिली.

मेहुण्यांचंही काही फार बरं नव्हतं. पंपावर रांग, त्यात गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून उतरायचं, म्हणजे झोपलेली पोरं उठली. प्रेशर कमी असल्यानं टाकी पुरती भरलीच नाही. डिकीत सिलिंडर, त्यामुळे त्यांच्या बॅगा आमच्या गाडीत!

उंब्रजला उजवीकडे वळलो की हा रस्ता मला फार आवडतो. आजूबाजूला ऊस, ज्याच्यापासून पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल होतं. पाटणच्या पठारांवर पवनचक्क्या. पुढे कोयना, 1,960 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प. घाट उतरला की पोफळी, तिथं डोंगराच्या पोटात वीजघर. आणि मुक्कामाला गुहागर, जिथं अंजनवेलच्या गॅसवरच्या वीजप्रकल्पाला लोक अजून जुन्या कंपनीच्या नावानं ‘एन्रॉन’च म्हणतात. त्याची क्षमता 1,967 मेगावॉट, कोयनेपेक्षा फक्त सात जास्त. मुलीनं विचारलं, “बाबा, आपली गाडी कोयनेच्या पाण्यावर चालते का?” खरं उत्तर असं की कोयना मुख्यतः मागणी चढते त्या वेळी चालवतात. आम्ही रात्री चार्ज करतो तेव्हा तारेत बहुधा विदर्भातला कोळसाच असतो.

घाट उतरताना ब्रेक मारला की बॅटरी भरते, हे सगळे सांगतात. ‘दहा टक्के वाढले’ असलं ऐकलं असेल तर सोडून द्या. आमचा एक टक्का वाढला. तरी पंधरा किलोमीटर फुकटात झाले, हे काय कमी आहे? गुहागरात पोचलो तेव्हा 30 टक्के होते.

आता मुख्य गोष्ट. कोकणच्या सहलीत फास्ट चार्जरपेक्षा मुक्कामाचा 15 अँपिअरचा पॉइंट महत्त्वाचा. बुकिंग करताना ‘चार्जिंग आहे का’ असं विचारलंत तर ‘हो हो, आहे की’ म्हणतील आणि मोबाईलचा प्लग दाखवतील. विचारायचं असं: गीझरचा किंवा पंपाचा पॉइंट आहे का, अर्थिंग आहे का, आणि गाडी तिथून किती फुटांवर लागेल. आमच्या काकांच्या गीझरच्या पॉइंटला अर्थिंग नव्हतं, चार्जरचा लाल दिवा लुकलुकत राहिला. शेवटी सुपारीच्या बागेत विहिरीच्या पंपाचा पॉइंट सापडला. काका टॉर्च धरून उभे, मी केबलवरून पाल हाकलतोय. हिरवा दिवा लागला आणि दहा मिनिटांत विझला, कारण काकूंनी आत पंप चालू केला होता आणि व्होल्टेज पडलं. मग तह झाला: रात्र गाडीची, सकाळ शिंपण्याची.

तासाला साधारण तीन युनिट जातात, म्हणजे तीसवरून शंभरला दहा-अकरा तास धरा. घरगुती पातळ एक्स्टेन्शन वायर अजिबात वापरू नका. अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा, चटका बसला तर बंद करा. पैशांचं आधी बोलून घ्या. आम्ही रात्रीचे चारशे दिले. काका नको म्हणत होते, पण विजेचं बिल त्यांना येणार, आपल्याला नाही.

दोन रात्री राहून निघालो. खरी परीक्षा परतीचीच, कारण जाताना उतार असतो आणि येताना तोच घाट चढायचा असतो. चिपळूणला 84 टक्के, पोफळीला 77, घाटमाथ्यावर हेळवाकला 64. नुसत्या घाटात 13 टक्के गेले. म्हणून चिपळूणला चाळीसच्या खाली असाल तर तिथंच थांबून भरा, घाटात जुगार नको. साताऱ्याला परत चार्ज करावं लागलं, पण या वेळी दोन्ही गन चालू होत्या.

हिशोब: स्थानिक फिरणं धरून 620 किलोमीटर, घरचं चार्जिंग मिळून आमचे सुमारे 1,800 रुपये गेले. मेहुण्यांचे 2,600. पेट्रोलवर हेच साडेचार हजारांच्या पुढे गेलं असतं. टोल दोघांना सारखाच. इलेक्ट्रिक गाड्यांना राज्याची टोलमाफी अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आहे, या रस्त्याला नाही. वेळेत मात्र मेहुणे तासभर पुढे.

काकांनी परवा फोन करून सांगितलं, फाटकाजवळ अर्थिंगसकट वेगळा पॉइंट बसवलाय. “दहा मीटरची जाड केबल तुमची तुम्ही आणा,” असंही म्हणाले. “आणि पंप सहाला सुरू होतो, त्याआधी गाडी सोडवून ठेवा.”