कलमं बांधायला शिकायचंय? आधी गिरिपुष्पाच्या काड्या तासा

हापूसच्या कोयीतून हापूसच येईल याची खात्री नाही. म्हणून कोकणात बागा आहेत तोवर कलम बांधणाऱ्याला काम आहे. दहावी-बारावीनंतर डिग्रीच्या मागे न लागता शिकता येईल असा हा धंदा आहे, पण 'आठ दिवसांत शिका' म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका. दोन पावसाळे तरी धरा. आंब्याचं कोय कलम म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर, खुंटावर, चांगल्या जातीच्या झाडाची काडी बसवणं. त्याचा हंगाम मुख्यतः जुलै-ऑगस्टचा. यंदा काय चुकलं ते सुधारायला पुढचा आषाढच उजाडावा लागतो.

हात मात्र उन्हाळ्यातच तयार करायचा. कुंपणावरच्या गिरिपुष्पाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या घ्या आणि टोकं निमुळती करत रोज पन्नास पाचरी तासा. पाचर दोन्ही बाजूंनी सारखी, तीन-चार सेंटीमीटर लांब, आणि प्रत्येक बाजू एकाच ओढीत. दोन-तीनदा खरवडलं की पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. तासलेल्या दोन काड्या एकमेकींना लावून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर ती पाचर खुंटात बसणार नाही, आत हवा राहून सुकेल. चाकू एका बाजूने धार असलेला हवा. भाजीच्या सुरीने बांधलेली कलमं जगतातही कधीकधी, पण त्यावर पोट भरत नाही.

खुंटासाठी रायवळच्या, म्हणजे गावठी आंब्याच्या, ताज्या कोयी लागतात. महिनाभर पडून राहिलेल्या कोयीची उगवण झपाट्याने घटते. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या बाजूला काढायच्या, उरलेल्या वाफ्यात लावायच्या. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो, पानं तांबूस असतात. हीच वेळ. पानं हिरवी झाली, देठ कडक झाला, की कोय कलमासाठी तो खुंट गेला.

नवशिक्याचं खरं नुकसान हापूसच्या झाडावरची काडी निवडताना होतं. हवी ती तीन-चार महिन्यांची, शेंड्याची, दहा-पंधरा सेंटीमीटर लांब, खुंटाच्या जाडीची. झाडावर असतानाच आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापायची, देठ ठेवायचे. बोट लावताच देठ गळू लागले आणि शेंड्याचा डोळा, म्हणजे पालवीचा कोंब, फुगला की काडी तयार. घाईत कोवळी काडी घेतली तर चार दिवसांत काळी पडते. डोळा फुटून गेलेली घेतली तर जोड बसण्याआधीच पालवी येते आणि कोमेजते. मग दोष पावसाला दिला जातो.

खुंट कोयीपासून सहा-आठ सेंटीमीटरवर आडवा छाटा, मधोमध पाचरीएवढी चीर द्या, काडी बसवा. सालीला साल भिडली पाहिजे. काडी बारीक असेल तर मधोमध न बसवता एका कडेला लावा. एका बाजूची साल जुळली तरी भागतं. दोन सेंटीमीटर रुंद प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळा, म्हणजे जोडात पाणी शिरणार नाही. पिशवीत लावून सावलीत ठेवा. जोडाखालून येणारी फूट दिसली की खुडायची, नाहीतर खुंट जगतो आणि काडी मरते. जोड पक्का झाल्यावर पट्टी सोडायला विसरलात तर ती खोडात रुतते आणि वाऱ्यात कलम तिथेच मोडतं.

काजूला मृदकाष्ठ कलम, म्हणजे रोपाच्या कोवळ्या, मऊ शेंड्यावर बांधलेलं कलम, करतात. हात तोच, फक्त चिकाने चाकू चिकट होतो, फडकं जवळ ठेवा.

पुढचा टप्पा कोकम आणि जायफळाचा. दोन्हींत नर-मादी झाडं वेगळी. बियांपासून लावलेल्या रोपांतली बरीचशी नर निघतात, आणि ते फुलं येईपर्यंत कळत नाही, म्हणून मादी झाडाच्या कलमाला मागणी. पण काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची हवी. आडव्या फांदीची लावली तर कलम जगतं, मात्र आयुष्यभर आडवंच पसरतं. उभ्या काड्या झाडावर थोड्याच मिळतात, त्यामुळे या कामात एकेक काडी जपून वापरावी लागते. आंब्यात हात बसल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

शिकायला दापोलीचं कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, सिंधुदुर्गात किर्लोसचं आणि रायगडात रोह्याचं कृषी विज्ञान केंद्र इथे प्रशिक्षणाची चौकशी करा. ज्याला कागदही हवा त्याला दहावीनंतरची कृषी पदविका आहे. पण प्रशिक्षणात हातून जाणारी कलमं मोजकीच. वेग येतो तो चालत्या रोपवाटिकेत. तिथे रुजू होण्याआधी एक विचारा: मजुरी बांधलेल्या कलमावर की जगलेल्या? जगलेल्यावर असेल तर पाणी आणि सावली कोण बघणार, हेही ठरवून घ्या. शंभरातली चाळीस मेली तर ती तुमच्या चाकूने मेली की मालकाच्या पाइपाने, यावरून भांडण ठरलेलं.

स्वतःची रोपवाटिका काढायची तर फळझाडांसाठी कृषी खात्याचा परवाना लागतो, आणि काडी कुठल्या झाडाची हे दाखवता आलं पाहिजे. काडी देण्याजोगं झाड व्हायला चार-पाच वर्षं जातात. तेव्हा शिकायला लागाल त्याच पावसाळ्यात मागीलदारी हापूस आणि रत्ना आंबा, वेंगुर्ला-४ काजू आणि कोकण अमृता कोकमाची दोन-दोन खात्रीची कलमं लावून टाका, आणि कुठून, कधी आणली त्याच्या पावत्या जपून ठेवा.