सी-पेप्टाइड, स्टायनर आणि पीएचडीचा प्रश्न

सोमवार, रात्री

एमएस्सीच्या मुलांना या आठवड्यात इन्सुलिनचं बायोसिंथेसिस, म्हणजे पेशी इन्सुलिन कसं बनवते ते, शिकवायचंय म्हणून परत एकदा डोनाल्ड स्टायनर काढून बसलेय. टेक्स्टबुकमध्ये या माणसाच्या वाट्याला एक वाक्य येतं, प्रोइन्सुलिनचा (इन्सुलिन ज्यातून बनतं त्या मोठ्या मॉलिक्यूलचा) शोध १९६७, संपलं, पुढचा पॅरा. मला ते दरवर्षी खटकतं. ज्या माणसाने अख्खं आयुष्य एका मॉलिक्यूलला दिलं त्याचं एवढंच होतं? मुलं ते वाक्य पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क पण मिळतात, पण त्या शोधात काय मजा होती ते कुणालाच कळत नाही.

म्हणून इथेच लिहून काढते, उद्या लेक्चरला उपयोगी पडेल.

बायोकेमिस्ट फ्रेडरिक सँगरनी केंब्रिजला १९५५ पर्यंत इन्सुलिनची पूर्ण रचना लावून दाखवली होती. ५१ अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक), एक साखळी २१ ची, दुसरी ३० ची, आणि दोघींना धरून ठेवणारे सल्फरचे बंध. १९५८ चं नोबेल त्यासाठीच. आता दोन साखळ्या दिसतायत म्हणल्यावर बऱ्याच जणांनी धरूनच चाललं की पेशी पण त्या वेगवेगळ्या बनवत असणार आणि मग जोडत असणार. लॅबमध्ये तसं करूनही झालं होतं, अमेरिकेत, जर्मनीत, शांघायमध्ये साखळ्या केमिकली बनवून जोडल्या आणि इन्सुलिन मिळालं. पण फार कमी मिळायचं. शरीर मात्र हेच काम रोज, न थकता, भरपूर करतं. हा फरक का, हा प्रश्न तिथेच पडून होता.

स्टायनर ओहायोतल्या लिमा गावचे, जन्म १९३०. शिकागो युनिव्हर्सिटीतून १९५६ ला एमडी, बायोकेमिस्ट्रीचं एमएस पण तिथलंच, मधली काही वर्षं सिएटलला आणि मग १९६० ला परत शिकागोच्या बायोकेमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये. डॉक्टर होते पण पेशंट बघण्यापेक्षा पेशीच्या आत काय चाललंय यात जास्त रमले. त्यांच्या हाती एका पेशंटच्या स्वादुपिंडातून काढलेला ट्यूमर आला, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचाच. असा ट्यूमर शरीराला नको असताना इन्सुलिन ओतत राहतो आणि पेशंटची शुगर पडत राहते, पेशंटसाठी त्रासच, पण इन्सुलिन कसं बनतं हे बघायला याच्यापेक्षा चांगलं मटेरियल नाही कारण नॉर्मल स्वादुपिंडात या पेशी एक-दोन टक्केच असतात, बाकी सगळं पाचक रसाचं काम.

त्यांनी काय केलं तर त्या ट्यूमरच्या पातळ चकत्या केल्या, रेडिओॲक्टिव्ह अमिनो ॲसिडमध्ये ठेवल्या, मग सगळं प्रोटीन काढून सेफॅडेक्सच्या कॉलममधून सोडलं. हा कॉलम म्हणजे काय ते मी मुलांना तुळशीबागेवरून सांगते. लहान पोरं प्रत्येक बोळात शिरतात, दुकानादुकानात रेंगाळतात, म्हणून उशिरा बाहेर पडतात, आणि ज्यांना बोळात शिरताच येत नाही ती मोठी माणसं सरळ रस्त्याने आधी बाहेर. मण्यांच्या छिद्रात छोटे मॉलिक्यूल शिरतात, मोठे शिरत नाहीत. एकेका टेस्टट्यूबमध्ये थेंब गोळा करायचे, प्रत्येक ट्यूबमधली रेडिओॲक्टिव्हिटी मोजायची आणि ग्राफ काढायचा. इन्सुलिन जिथे यायला पाहिजे तिथे आलंच. पण त्याच्या आधी, म्हणजे मोठ्यांच्या बाजूला, अजून एक पीक, म्हणजे ग्राफमधला उंचवटा.

हा जास्तीचा पीक कचरा म्हणून सोडून देणं फार सोपं होतं. कॉलम नीट भरला नसेल, दोन मॉलिक्यूल चिकटले असतील, शंभर कारणं देता येतात. स्टायनरनी त्या पीकवर ट्रिप्सिन, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम, टाकून बघितलं आणि तो तुटून इन्सुलिनसारखाच मॉलिक्यूल निघाला. मग उंदरांच्या पेशी घेऊन वेळेप्रमाणे बघितलं, तर रेडिओॲक्टिव्हिटी आधी मोठ्यात दिसते आणि नंतर छोट्यात सरकते. म्हणजे पेशी एकच लांब साखळी, प्रोइन्सुलिन, बनवते, ती स्वतःवर दुमडते, सल्फरचे बंध बरोबर जागी बसतात आणि मग मधला तुकडा कापला जातो. माणसात ही साखळी ८६ ची. ३० आणि २१ इन्सुलिनचे, ३१ मधल्या सी-पेप्टाइडचे आणि उरलेले ४ कापताना निघून जातात. पुढच्याच वर्षी त्यांनी प्रोइन्सुलिनचे बंध तोडून परत जुळू दिले, तर ते छान जुळलं. वेगळ्या साखळ्या नीट का जुळत नव्हत्या त्याचं उत्तर मिळालं, त्यांना जवळ धरून ठेवणारा मधला तुकडाच तिथे नव्हता.

रात्रीचा एक वाजलाय. बास.

मंगळवार

लेक्चर झालं. पोरं शांत ऐकत होती, मागच्या बेंचवरची पण. एकाने विचारलं की मॅडम उंदराच्या पेशी वेगळ्या कशा काढल्या, आणि मग माझी गाडी स्वतःच्या पीएचडीवर गेली.

आम्ही आयलेट काढायचो, म्हणजे स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके. उंदराच्या पित्तनळीतून कोलॅजिनेज (पेशी सुट्या करणारं एन्झाइम) आत सोडायचं, स्वादुपिंड फुगतं, ते काढून ३७ डिग्रीच्या वॉटरबाथमध्ये. दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे झाली की संपलं, कमी वेळ ठेवलं तर आयलेट सुटत नाहीत आणि जास्त ठेवलं तर आयलेटच विरघळायला लागतात. मग धुवायचं, पेट्री डिशमध्ये घ्यायचं आणि मायक्रोस्कोपखाली पिपेटने एकेक आयलेट वेचायचं. जेमतेम एक-दोन दशांश मिलिमीटरचा पांढुरका गोळा. डिथायझोन हा रंग टाकला की आयलेट विटकरी लाल होतात, कारण त्यांच्यात इन्सुलिनबरोबर झिंक साठवलेलं असतं, आणि आजूबाजूचा सगळा पसारा रंगहीन राहतो. पहिल्यांदा ते लाल ठिपके दिसले तेव्हा मी लॅबमध्ये जोरात ओरडले होते, अख्खा मजला जमला होता. मान आणि डोळे दुखेपर्यंत वेचत बसायचो पण त्या लाल रंगाचा कंटाळा मला कधीच आला नाही. आजही वर्गात सांगताना अंगावर काटा आला.

बुधवार, उशिरा

ताईचा सांगलीहून फोन. भाच्याला टाइप वन डायबेटिस (शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवेनासं होतं तो) निघाल्यापासून घरात एकच विषय आहे. उन्हाळ्यात पोरगं रात्री चारदा उठून लघवीला जायचं, पाणी ढसाढसा प्यायचं आणि वजन उतरत चाललं होतं, सगळे म्हणाले उन्हाचं असेल. शुगर बघितली तेव्हा मीटरवर आकडाच नाही, नुसतं हाय.

आता इन्सुलिन सुरू झाल्यावर डोस बराच कमी झालाय तर नातेवाईकांपैकी कुणीतरी ताईला सांगितलंय की बघ, बरा होतोय, इंजेक्शनं बंद कर, अमुक ठिकाणी काढा मिळतो. ताई रडकुंडीला आली होती. मी तिला त्याचा सी-पेप्टाइडचा रिपोर्ट काढायला लावला आणि फोनवरच समजावून सांगितलं. ताई, त्याच्या शरीरात इन्सुलिन बनतं तेव्हा प्रत्येक इन्सुलिनमागे एक सी-पेप्टाइड रक्तात येतं. आपण जे टोचतो त्या इन्सुलिनमध्ये ते नसतं. म्हणून टोचत असतानाही त्याचं स्वतःचं किती बनतंय हे या टेस्टमधून कळतं, आणि त्याचं फार कमी बनतंय. सुरुवातीला उरलेल्या पेशींना जरा आराम मिळाला की त्या थोडं काम करतात, डॉक्टर त्याला हनिमून फेज म्हणतात, पण ते टिकत नाही. इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत तो परत ॲडमिट होईल, जिवावर बेतेल. सुरुवातीला ती ऐकून घेत नव्हती, मग म्हणाली, आकडा परत सांग, वहीत लिहून ठेवते, सासूबाईंना दाखवते.

फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसले होते. शिकागोत त्या कॉलममधून जो मोठा मॉलिक्यूल आधी बाहेर आला त्याच्यातूनच कापून टाकला जाणारा हा तुकडा. इन्सुलिनच्या हिशोबाने टाकाऊ. शिकागोतच आर्थर रुबेनस्टाइन आणि मंडळींनी तो रक्तात मोजायची पद्धत बसवली. इन्सुलिन मोजून भागत नाही कारण यकृत त्यातलं जवळपास अर्धं आधीच काढून घेतं आणि ते रक्तात चार-पाच मिनिटंच टिकतं, सी-पेप्टाइड अर्धा तास टिकतं आणि यकृत त्याला फारसं हात लावत नाही. आज सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर तोच आकडा छापून आलाय आणि त्याच्यामुळे एका पोराचं इन्सुलिन चालू राहणार आहे. मी ज्या विषयात आयुष्य घालवतेय तो विषय हे करतो. यापेक्षा मोठं कारण मला तरी लागत नाही.

गुरुवार

एमएस्सी पार्ट टूची एक मुलगी लेक्चरनंतर थांबली. जेआरएफ (पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप) निघाली तर डायबेटिसमध्येच पीएचडी करायची म्हणते, पण घरी विचारतायत पुढे काय.

मी तिला सगळं सांगितलं. फेलोशिप महिना ३७ हजार, पण ती वेळेवर येतेच असं नाही, काही महिने घरून पैसे घ्यायची तयारी ठेव. पीएचडीनंतर महाराष्ट्रात कितीतरी हुशार लोक तासिका तत्त्वावर शिकवतायत, मी स्वतः केलंय, मार्चमध्ये ऑर्डर संपते आणि जूनमध्ये परत इंटरव्ह्यूच्या लाइनीत उभं राहायचं, त्यात स्वतःचा रिसर्च कुठे करणार, फ्रीझरमधली सॅम्पल कुणाच्या भरवशावर ठेवणार. मला याचा खरंच राग येतो. स्टायनर एका डिपार्टमेंटमध्ये पन्नासेक वर्षं राहू शकले म्हणून तो एक पीक शेवटपर्यंत धरून चालू शकले. आपल्याकडे पोरांमध्ये चिकाटी नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी त्यांना एका जागी दहा वर्षं राहू द्यावं.

आणि हे सगळं सांगून पण मी तिला म्हणलं, कर. गाइड बघताना त्याचे पेपर किती ते नंतर बघ, आधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन लाव. आईबाबांना घेऊन ये, मी बोलते.

शनिवार दुपार

सुट्टी आहे तर स्टायनरांचं राहिलेलं लिहिते, कारण मला खरं अप्रूप १९६७ च्या नंतरच्याचं आहे.

प्रोइन्सुलिन सापडल्यावर त्यांनी बाजारातल्या क्रिस्टल इन्सुलिनकडे वळून बघितलं, गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं, परत परत क्रिस्टल करून शुद्ध म्हणून विकलेलं, आणि त्यात थोडं प्रोइन्सुलिन होतंच. इतकी वर्षं पेशंट ते टोचून घेत होते आणि कुणाला पत्ता नव्हता. त्यानंतर सत्तरच्या दशकात कंपन्यांनी इन्सुलिन जास्त शुद्ध करायला घेतलं आणि अँटिबॉडीचा त्रास बराच कमी झाला. मग १९७९ ला शिकागोच्याच ग्रुपला असा पेशंट सापडला ज्याच्या रक्तात इन्सुलिन भरपूर पण तरी डायबेटिस, कारण इन्सुलिनमधलं एकच अमिनो ॲसिड बदललेलं होतं. त्याला इन्सुलिन शिकागो असंच नाव पडलं. मग ते मधला तुकडा कापणाऱ्या एन्झाइमच्या मागे लागले, ती कात्री नक्की कुठली हे हाती यायला नव्वदचं दशक उजाडलं. आणि २००७ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, जन्मल्यानंतर काही महिन्यांतच डायबेटिस होणाऱ्या बाळांवरच्या पेपरात त्यांचं नाव आहे. त्या बाळांमध्ये इन्सुलिनच्या जीनमध्येच बिघाड असतो, साखळी चुकीची दुमडते आणि पेशी त्यातच मरते. १९६७ ते २००७, चाळीस वर्षं, साखळी कशी दुमडते हाच प्रश्न. वुल्फ प्राइज मिळालं, नोबेल नाही मिळालं. मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे असा धीर मी पुण्यात बघितलाय. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या त्याच गावांमधल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास करतायत, तेव्हा पोटात असलेली पोरं आता स्वतः आईबाप झालीत. त्यांचा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला २००४ चा फोटो मी दर बॅचला दाखवतेच. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक नसतो हे दुसऱ्या कशाने इतकं पटत नाही.

माझा प्रश्न पण तिथेच अडकलाय. भारतात १० कोटीच्या वर डायबेटिसवाले आणि त्यातले कितीतरी सडपातळ, तरुण. टाइप टूमध्ये पेशींवर ताण आला की अर्धवट कापलेलं प्रोइन्सुलिन तसंच रक्तात जास्त यायला लागतं. आपल्या या सडपातळ लोकांमध्ये इन्सुलिन कमी बनतंय की कापणीच नीट होत नाहीये, हे मला त्यांच्या रक्तातलं प्रोइन्सुलिन आणि सी-पेप्टाइड एकत्र मोजून बघायचंय. आता परमनंट झालेय, जागा हलणार नाही, तर हे माझ्याच्याने होईल असं वाटतंय. सॅम्पल ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये घ्यायचे, लगेच सेपरेट करून फ्रीझ करायचे, म्हणजे ओपीडीजवळच सेंट्रिफ्यूज पाहिजे, आणि उणे ८० डिग्रीच्या फ्रीझरचा एक कप्पा कुणीतरी द्यायला हवा. सोमवारी एथिक्स कमिटीचा फॉर्म आणायचा आणि किटचं कोटेशन मागवायचं.