तुम्ही विचारलंत म्हणून: फौजेत हुकूम चालतो तो कशाच्या जोरावर?

निवृत्त होऊन गावी आल्यापासून एक प्रश्न हमखास येतो. कंपन्यांत टीम लीडर झालेली आमच्या गल्लीतली पोरं म्हणतात, "काका, फौजेत बरं असतं, हुकूम सोडला की काम होतं. आमचं कोण ऐकतंय? तुमच्याकडून आम्ही काय शिकावं?"

बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात, चोवीस वर्षं काढली, त्या अनुभवावर सांगतो. हुकमावर परेड होते. भूसुरुंग काढायचं काम नुसत्या हुकमावर होत नाही.

२००१-०२ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज पाकिस्तान सीमेवर उभी केली होती, ते ऑपरेशन पराक्रम. त्यात सीमेवर पेरलेले सुरुंग पुढे आम्हीच काढले. राजस्थानात वाळू सरकते, तिच्याबरोबर सुरुंगही. खूण एकीकडे, सुरुंग भलतीकडेच. पोटावर आडवं होऊन प्रॉडर, म्हणजे सुरुंग चाचपायची टोकदार सळई, तिरका, हलक्या हाताने वाळूत घालायचा. टोकाला काही लागलं की थांबायचं. वरून सरळ टोचलं तर सुरुंगावरच दाब पडतो. मी तेव्हा हवालदार होतो. त्या सकाळी माझ्या सेक्शनमधल्या, म्हणजे माझ्या हाताखालच्या तुकडीतल्या, एका पोराचा हात स्थिर राहीना. मी त्याच्यावर ओरडलो. मागून सुभेदार साहेब आले. त्यांनी त्याला मागे बोलावून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "घरची काही खबर?" त्याची बायको पहिलटकरीण, दिवस भरलेले, चार दिवस निरोप नाही. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. साहेबांनी त्याच्या हातातला प्रॉडर घेतला आणि त्याच्या जागी स्वतः आडवे झाले.

संध्याकाळी मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "हवालदार, ज्याचं मन घरी, त्याचा हात इथे कसा असेल? हे तुला सकाळच्या चहालाच कळायला हवं होतं."

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत सकाळचा चहा मी एकट्याने घेतला नाही.

आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, कारवारकडचे. १९४० साली साधे जवान म्हणून भरती झाले आणि खालून वर चढत अधिकारी झाले. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरवरून पाकिस्तानशी चाललेल्या युद्धात, नौशेरा-राजौरी रस्त्यावर रणगाड्यांसाठी वाट मोकळी करायची होती. ८ एप्रिलला सुरुवातीलाच शत्रूच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान गेले, काही जखमी झाले, राणेही जखमी झाले. तरी काम थांबवलं नाही. याच मोहिमेत ते रणगाड्याखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत, दोर ओढून चालकाला दिशा देत त्यांनी रणगाडा सुरुंगांतून पुढे नेला. त्यांना परमवीर चक्र मिळालं. मला मात्र कायम तो चालक आठवतो. त्याला खालचं काही दिसत नव्हतं, कळत होती ती फक्त दोराची ओढ. तिच्यावर त्याने रणगाडा पुढे घातला, कारण दोर ओढणारा स्वतः खाली सुरुंगांत होता.

गोळीबारात समजावत बसायला वेळ नसतो, तिथे हुकूमच लागतो. पण तो मानला जाईल की नाही, हे आधीच्या शेकडो सकाळींत ठरलेलं असतं.

परवा गल्लीतल्या त्याच टीम लीडर पोरांपैकी एकाने तक्रार केली, हाताखालचा मुलगा सकाळच्या मीटिंगला सारखा उशिरा येतो. मी विचारलं, "त्याच्या घरी कोण कोण असतं?" त्याला सांगता आलं नाही. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, वडील डायलिसिसवर आहेत त्याचे. सकाळी तोच घेऊन जातो. दोन वर्षं शेजारी बसतोय, मी कधी विचारलंच नाही." मीटिंग आता दुपारी असते म्हणाला.