दुसऱ्या ट्रॅकवरचं गाणं

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी जुन्या व्हिडिओ टेप डिजिटाइझ करते. मध्यंतरी एका निवृत्त बाईंनी दिलेल्या खोक्यातली एक व्हीएचएस कॅसेट 'किरकोळ तुकडे, जतन करण्याजोगं नाही' असा शेरा मारून बाजूला ठेवलेली दिसली. बाई एका मालिकेच्या चाहत्या; अशा चाहत्या बायका आवडत्या मालिकेतले तुकडे एखाद्या गाण्यावर जोडून छोटे व्हिडिओ करायच्या. शेरा सहकाऱ्याचा. एका जुन्या पोलीस मालिकेतले दोन-तीन सेकंदांचे तुकडे, अर्धवट तुटणारे संवाद, गाण्याचा पत्ता नाही.

पण ती जोडणी मला किरकोळ वाटेना. एकाने मान वळवली की लगेच दुसऱ्याचा चेहरा. असं आपोआप होत नाही. अशा टेपवर आवाजाचे दोन ट्रॅक असू शकतात: हाय-फाय आणि कडेचा साधा मोनो, म्हणजे 'नॉर्मल'. मी डेकचा आवाज हाय-फायवरून 'नॉर्मल'वर टाकला आणि गाणं सुरू झालं. प्रत्येक कट तालावर!

१९८० च्या दशकात या चाहत्या बायका घरी दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग करायच्या. रेकॉर्डिंगचं मशीन पॉजवर फार वेळ थांबत नाही, काही मिनिटांत आपणहून सुटतं. तेवढ्यात पुढचा तुकडा हुडकायचा. पॉज सोडताना टेप किंचित मागे सरकते, तीही वजाबाकी स्टॉपवॉचवर. गाणं चढायचं सगळ्यात शेवटी, ऑडिओ डबने, म्हणजे चित्र तसंच ठेवून फक्त आवाज नव्याने भरून. त्यामुळे चित्रं नुसती सेकंद मोजून, क्रमाने बसवायची. मधला एक कट फसला की पुढचं सगळं पुन्हा. हा डब टेपच्या कडेच्या मोनो ट्रॅकवरच जातो, हाय-फायवर मालिकेचा आवाज तसाच राहतो. या कॅसेटची कॉपी असती तर दोन्हीकडे एकच आवाज आला असता. माझ्या हातात चक्क मास्टर, म्हणजे मूळ कॅसेट होती.

१९७५ मध्ये कँडी फाँग या चाहतीने 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या स्लाइड गाण्याबरोबर दाखवल्या, तिथून या बायकांची परंपरा धरतात. यूट्यूब आलं २००५ मध्ये. तरी रीमिक्सचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इंटरनेटपासूनच सुरुवात करतात, याचा मला संताप येतो.

सहकाऱ्याला कटजवळचे इंद्रधनुषी पट्टे सॉफ्टवेअरने पुसायचे होते. मी पुसू दिले नाहीत. त्या बाईंचं बोट बटणावरून नेमकं कुठे उठलं, ते त्यातच दिसतं. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे जतन केले.

नोंदीत 'निर्मिती'च्या रकान्यात आधीच स्टुडिओचं नाव भरलेलं. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "खरं नाव नको. त्या काळी ऑफिसात कळलं असतं तर नोकरीचं काय झालं असतं? माझं फॅन्डममधलं, म्हणजे चाहत्यांच्या वर्तुळातलं नाव घाला, मला तिथे सगळे त्याच नावाने ओळखतात." तेच घातलं. स्टुडिओ 'मूळ चित्रीकरण'मध्ये गेला.

'दोन्ही ट्रॅक ऐकल्याशिवाय कॅसेट बाद करायची नाही' हे नियमात यावं म्हणून आता वरिष्ठांच्या मागे लागले आहे. त्याआधी बाद झालेल्यांचं काय झालं, ते मात्र अजून कुणी सांगत नाही.