पक्षिप्रेमी असून झाडं तोडण्याच्या बाजूने?

मार्चअखेरीस अमेरिकेतल्या ओमाहा शहरातून पाहुण्यांना प्लॅट नदीवर नेलं की परतीच्या वाटेवर हा प्रश्न ठरलेला: "नदीतली झाडं तोडतात म्हणे इथे, आणि तुम्ही त्यांची बाजू घेता! पक्षिप्रेमी ना तुम्ही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पाच लाखांहून जास्त सँडहिल क्रेन (राखाडी क्रौंच), म्हणजे या जातीचे जगातले बहुतेक पक्षी, नेब्रास्कातल्या या नदीच्या जेमतेम ८० मैलांच्या पट्ट्यात उतरतात. दिवसा शेतात सांडलेला मका आणि ओल्या कुरणातले किडे, गोगलगायी खाऊन अंगावर चरबी चढवतात. पुढे कॅनडा, अलास्का, काहींना तर थेट सायबेरिया गाठायचा असतो.

रात्र मात्र नदीत, उभ्याने. गिबनजवळच्या रो अभयारण्यात पहाटे लाकडी आडोशात बसलं की आधी नुसता आवाज येतो, घशातून घुमणारा, खडखडता. मग उजाडतं आणि घोटाभर पाण्यात हजारो राखाडी पाठी दिसू लागतात. एखादा मक्याचं वाळकं ताट चोचीत धरून हवेत उडवतो, पंख पसरून उडी मारतो, की शेजारचाही नाचू लागतो. कपाळावरची लाल कातडी तेव्हा आणखी भडक दिसते.

पात्राच्या मधोमध ते उभे राहतात, कारण तिथून चहूकडचं दिसतं. कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा शिकारी प्राणी, आला तर पाणी वाजतं. काठावर दाट झाडी आली, पात्र आवळलं, की ही सोय संपते. ५० मीटरपेक्षा अरुंद पात्र ते जवळजवळ टाळतातच.

पूर्वी ही साफसफाई नदीच करायची. रॉकी पर्वतातलं बर्फ वितळून आलेला लोंढा आणि वाहत्या बर्फाचा खच वाळूच्या बेटांवरची कोवळी रोपं खरवडून नेई. मग शेतीसाठी पाणी वळवलं, धरणं झाली. उत्तर प्लॅटवरचं किंग्जली धरण १९४१चं. लोंढा ओसरला, बेटांवर कॉटनवूड आणि विलोची झाडं माजली. वरच्या अंगाला काही ठिकाणी पात्र मूळ रुंदीच्या दहा-वीस टक्क्यांवर आलं आणि क्रेन तिथून हटले. आज ते ८० मैलांत दाटीवाटीने राहतात ते याचमुळे, आणि अशा गर्दीत रोगाची साथ शिरली तर काय होईल या विचाराने माझा जीव खालीवर होतो.

म्हणून इथल्या इतर पक्ष्यांचा विणीचा हंगाम संपला की ट्रॅक्टर नदीत उतरतात आणि बेटांवरची रोपं, फ्रॅग्मायटीसचं बोरू-गवत नांगरून काढतात. काठावरचे सगळे जुने कॉटनवूड कुणी पाडत नाही. त्यांवर गरुड बसतात, तेही मला हवेत. पण गवताळ मुलखात झाड म्हणजे हिरवाई आणि हिरवाई म्हणजे पुण्य, हा हिशेब चालत नाही. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यालाही मोकळं रानच लागायचं.

धरणं कुणी पाडणार नाही. मका पिकवणारी गावं त्याच पाण्यावर जगतात. नदीचं काम आता माणसाला दरवर्षी करावं लागणार, आणि ते करणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.